राणीच्या बागेतला बाक

मे महिना लागला की आमच्या कुरकुंभात मुलांचं एकच टुमणं, 'कुठंतरी न्या ना!' या वेळी धाकट्याने पेंग्विनचाच हट्ट धरला. मग काय, दौंडहून पहाटेची गाडी, दादरहून लोकल आणि भायखळ्याला उतरून राणीची बाग! सोबत सासूबाई. खरं सांगते मैत्रिणींनो, त्यांना न्यायला मी मनातून नाखूशच होते. गुडघे दुखतात, चालवत नाही. माझा सगळा दिवस त्यांच्यामागंच जाणार.

ही बाग 1862 सालची. व्हिक्टोरिया राणीच्या नावाची, म्हणून राणीची बाग. आता ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण लोकांच्या तोंडी जुनंच नाव आहे. आत शिरताच सासूबाई झाडाखालच्या बाकावर टेकल्या त्या उठेचनात. "आत्या, एवढ्या लांब बसायला आलो का?" मी जरा तोडूनच बोलले. हे मुलांना घेऊन पुढं गेले आणि मी चरफडत त्यांच्याजवळ बसले.

थोड्या वेळाने त्याच बोलल्या, "लगीन झाल्यावर दोन वर्सं लालबागला व्हते मी. मालक मिलात. येवढुशी खोली, त्यात दीर, चुलतसासरं, गावाकडचे दोन गडी. डोईवरचा पदर ढळायची सोय न्हवती. आयतवारी मालक म्हनायचे, चल, जनावरं बघू. जनावरं कोन बघतंय! हितं बसून दोघं शेंगा खायचो. आमचं काय बोलनं झालं ते हितंच. गावाकडं नवऱ्याशेजारी बसायची रीत व्हती का तवा?"

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, सासरे त्यातलेच एक. बिऱ्हाड गावी आलं ते कायमचंच. संपाचं मला ठाऊक होतं, बाकाचं नव्हतं. सासऱ्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा मला तोंडपाठ, पण 'तुम्ही मुंबईत कशा राहिलात' हे मी कधी विचारलंच नाही.

तेवढ्यात मुलं पळत आली. पेंग्विन 2016 मध्ये दक्षिण कोरियातून आलेत, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, काचेआड त्यांना गारवा लागतो, सगळं एका दमात सांगून झालं. "आजी, तू काहीच नाही बघितलंस!"

"माजं बघून झालं बाळा."

निघताना शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी घारापुरीचा दगडी हत्ती पाहिला. 1864 मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले होते. उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. 1914 मध्ये ते जोडून त्याला पुन्हा उभं केलं. "ह्यो हाय की अजून!" म्हणत सासूबाई त्याच्यापुढं थांबल्या. या वेळी मी घाई केली नाही.

दादरला गाडीत बसताना शेंगांच्या दोन पुड्या घेतल्या. एक मुलांना दिली, दुसरी आम्हा दोघींत. दौंड येईपर्यंत आत्या बोलत होत्या.