मांजराचे डोळे चिकटले तर काय करावे?



आपल्या झरी जामणी भागात कापूस, तूर, सोयाबीन घरात येते, तसे उंदीरही येतात. म्हणून घरोघरी मांजर असते. बैल आजारी पडला की आपण लगेच डॉक्टरला बोलावतो. मांजराला मात्र ‘होईल बरे’ म्हणून सोडून देतो, नाहीतर घरातलेच औषध घालतो. ही चूक नर्सिंग शिकलेल्या माझ्या हातूनही झाली आहे. एका पिल्लाचा डोळा मिटला होता, पाणी गळत होते. घरात उरलेले माणसाचे थेंब मी दोन दिवस घातले. त्या थेंबांत स्टेरॉईड होते आणि पिल्लाच्या बुबुळावर जखम होती. स्टेरॉईडमुळे अशी जखम भरत नाही, उलट खोल जाते. पिल्लाचा डोळा गेला. म्हणून हा लेख.

नेहमी दिसणारा त्रास

पिल्लांना शिंका येतात, नाक वाहते, डोळे लाल होऊन पिवळ्या चिपडांनी चिकटतात. बहुतेक वेळा हे मांजरांच्या हर्पिस विषाणूमुळे किंवा क्लॅमिडिया जंतूमुळे होते. एका पिल्लाचे दुसऱ्याला लागते, म्हणून आजारी पिल्लू वेगळे ठेवा. मांजरांचा हर्पिस माणसाला होत नाही. तरी दुसरे जंतू क्वचित लागू शकतात, म्हणून हात साबणाने धुवा.

घरी काय करावे

पाणी उकळून कोमट करा. स्वच्छ कापूस त्यात भिजवून मिटलेल्या डोळ्यावर थोडा वेळ ठेवा. चिपडे मऊ झाली की नाकाकडून बाहेर हलक्या हाताने पुसा. दोन्ही डोळ्यांना वेगळा कापूस घ्या. चिपडे ओढून काढू नका. जन्मानंतर पिल्लाचे डोळे साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात. त्याआधीच पापणी फुगली तर आत पू असू शकतो. ती स्वतः उघडू नका, डॉक्टरकडे न्या. मलम डॉक्टरने दिलेलेच लावा आणि सांगितलेले दिवस पूर्ण करा.

काय घालू नये

दूध, मध, हळद, तुरटी, काजळ आणि माणसाचे उरलेले थेंब घालू नका. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका. एका गोळीनेही मांजर मरू शकते.

त्याच दिवशी डॉक्टरकडे

डोळा घट्ट मिटलेला असणे, बुबुळ पांढुरके किंवा निळसर होणे, डोळ्यात फूल पडणे, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, डोळा मोठा होऊन बाहेर आल्यासारखा वाटणे, म्हातारे मांजर अचानक भिंतींना धडकू लागणे. यांपैकी काहीही दिसले तर उद्यावर टाकू नका.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक लक्ष ठेवा. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. काही कीटकनाशकांनी मांजराच्या बाहुल्या सावलीतही रेघेसारख्या बारीक राहतात, तोंडातून लाळ गळते, अंग थरथरते. हा डोळ्याचा आजार नव्हे, विष आहे. ताबडतोब दवाखाना गाठा. फवारणीचे कपडे आणि डबे मांजराच्या वाटेत ठेवू नका.

खाण्याचाही संबंध आहे

मांजराच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला टॉरिन नावाचे द्रव्य लागते. मांजराचे शरीर ते पुरेसे तयार करत नाही. ते मांस-मासळीत असते, भात-पोळीत नसते. बांधून ठेवलेल्या मांजराला वर्षानुवर्षे फक्त दूध-भात दिला तर नजर हळूहळू जाते, आणि गेलेली परत येत नाही. आपल्या ताटातले मासळीचे, मटणाचे दोन तुकडे मसाला आणि काटे काढून त्यालाही द्या.

जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजर दाखवता येते. १९६२ या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. ‘मांजरासाठी कोण जातो?’ असे लोक म्हणतील. म्हणू द्या. दुखते ते त्यालाही दुखते. फक्त ते सांगू शकत नाही.