वास गेला म्हणजे विष गेले नाही!



उन्हाळा लागला की दारव्हा तालुक्यात विहिरींचा गाळ काढण्याची कामे निघतात. गावात सेप्टिक टँक उपसले जातात. आत उतरतो तो बहुधा आपलाच माणूस. म्हणून हे थोडे रसायनशास्त्र घरातल्या सर्वांनी वाचावे.

हवा हे वायूंचे मिश्रण आहे. शंभर भागांत 78 नायट्रोजन, 21 ऑक्सिजन, उरलेले इतर. 1801 साली इंग्लंडच्या जॉन डाल्टनने दाखवले की, मिश्रणातला प्रत्येक वायू आपापला दाब स्वतंत्र देतो. हवेचा एकूण दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटरइतका. त्यात ऑक्सिजनचा वाटा सुमारे 160. याच वाट्यावर आपला श्वास चालतो. बंद टाकीत मैला कुजला की मिथेन, कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड साचतात आणि ऑक्सिजनचा वाटा घटतो. एकूण दाब मात्र तोच राहतो, म्हणून अंगाला काही कळत नाही.

दाब व तापमान सारखे असले की सारख्या जागेत कोणत्याही वायूचे रेणू जवळपास सारखेच मावतात. म्हणून ज्याचा रेणू जड, तो वायू जड. हवेचा आकडा 29, हायड्रोजन सल्फाइडचा 34, कार्बन डायऑक्साइडचा 44. हे दोन्ही खाली साचतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो. पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते!

तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही. कंदील सोडून पाहणेही धोक्याचे. मिथेन पेट घेतो आणि ज्योत जळत राहिली तरी विषारी वायू असू शकतो. चालत आले म्हणून मानू नका, पारखून घ्या, हेच तथागतांनी कालामांना सांगितले.

एप्रिल 2024 मध्ये नेवासे तालुक्यातील वाकडी येथे शेणाच्या जुन्या विहिरीत मांजर पडले. एकाला वाचवायला दुसरा, असे करत पाच जण गेले. कोणी आत कोसळला तर मागोमाग उतरू नका. अग्निशमन दलाला बोलवा.

2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात वा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणे गुन्हा आहे. डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीत तीन कामगार गेले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात लढल्या आणि 2021 साली प्रत्येकी दहा लाखांचा आदेश मिळवला. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाख केली.

पण पैशाने माणूस परत येत नाही. मशीन मागा. ठेकेदार दोनशे रुपये जास्त देतो म्हणाला, तरी उतरू नका. नाही म्हणणे हाही स्वाभिमानच आहे.

जयभीम!