घोडा लाकडाचा, कावा सिनॉनचा

‘इलियड’मध्ये लाकडी घोडा शोधणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. होमरचं हे महाकाव्य हेक्टरच्या अंत्यसंस्कारापाशी संपतं. ट्रॉय तेव्हा शाबूत असतं आणि घोड्यासाठी एकही झाड पडलेलं नसतं. घोडा भेटतो तो ‘ओडिसी’त, तोही तीन ठिकाणी आणि आठवणीच्या रूपात. ट्रॉय पडल्याची सविस्तर हकिकत सांगणारी जुनी ग्रीक काव्यं काळाच्या ओघात हरवली. त्यांचे सारांश आणि तुकडे तेवढे उरले. आज आपण जी गोष्ट सांगतो ती मुख्यतः व्हर्जिल या रोमन कवीची आहे. त्याच्या ‘ईनिड’च्या दुसऱ्या सर्गात ती येते आणि सांगणारा आहे हरलेल्या बाजूचा एनियस. फसवणाऱ्यापेक्षा फसलेल्यालाच सगळे बारकावे लक्षात राहतात, हे व्हर्जिलनं बरोबर हेरलं होतं.

घोडा बांधला एपिअसनं. हा गडी ‘इलियड’मध्येही आहे, पण मुष्टियोद्धा म्हणून. रणात आपण यथातथाच आहोत, अशी कबुली तो स्वतःच देतो आणि मग प्रतिस्पर्ध्याला एका ठोशात आडवा करतो. अथीना देवीच्या मदतीनं त्यानं घोडा उभा केला. पोटात किती जण बसले, यावर मात्र एकमत नाही. कुणी तीस नावं देतो, कुणी पन्नास म्हणतो. एका जुन्या ग्रंथात तर चक्क तीन हजारांचा आकडा आहे. तो बहुधा नक्कल करणाऱ्याचा प्रताप असावा.

या घोड्याचं एक फार जुनं चित्र १९६१ मध्ये मिकोनॉस बेटावर सापडलं. मातीचा मोठा रांजण, इ.स.पू. ६७० च्या सुमाराचा. त्याच्या गळ्यावर उठावात कोरलेला घोडा आहे. पायांना चाकं, आणि अंगावर चौकोनी खिडक्या. प्रत्येक खिडकीतून एकेक सैनिक आगगाडीतल्या प्रवाशासारखा तोंड बाहेर काढून बसलेला. काहींनी तर हत्यारंही बाहेर धरली आहेत. लपलेली माणसं दाखवायची कशी, हा पेच त्या कुंभारानं असा सोडवला. रांजणाच्या पोटावर मात्र शहरातली कत्तल कोरली आहे. तिथं स्त्रिया आहेत, लहान मुलं आहेत, आणि त्या चौकटी बघताना हसू मावळतं.

आता खरा प्रश्न. दहा वर्षं वेढा सोसलेलं शहर, शत्रू अचानक गायब, आणि किनाऱ्यावर अजस्र लाकडी जनावर. हे आत ओढून आणण्याइतके ट्रॉयचे लोक बावळट होते का? मुळीच नव्हते. तोडा, कड्यावरून ढकला, समुद्रात बुडवा, असे सगळे शहाणे सल्ले दिले गेले होते. लाओकून नावाच्या पुरोहितानं तर भाला फेकून मारला आणि घोड्याच्या पोटातून पोकळ आवाजही आला. ग्रीकांचा डाव तिथंच फसायचा. तो वाचवला एका निःशस्त्र माणसानं. त्याचं नाव सिनॉन.

व्हर्जिलनं रंगवलेलं सिनॉनचं खोटं सावकाश वाचावं असं आहे. मेंढपाळ त्याला हात बांधून राजा प्रायमपुढे आणतात. पहिल्याच वाक्यात तो कबूल करतो की मी ग्रीक आहे. लपवण्यासारखं जे होतं ते आधीच उघड केल्यावर पुढचं लोक खरं मानू लागतात. मग तो पॅलामिडीसचं नाव काढतो. पॅलामिडीस हा ग्रीक छावणीतला हुशार सरदार. युद्ध टाळण्यासाठी ओडिसिअसनं वेडाचं सोंग घेतलं, तेव्हा त्याच्या तान्ह्या मुलाला, टेलेमाकसला, नांगरापुढे ठेवून ते सोंग उघडं पाडणारा हाच. ओडिसिअसनं त्याचा सूड उगवला. पॅलामिडीसच्या तंबूत सोनं पुरलं, प्रायमच्या नावाचं बनावट पत्र पेरलं आणि फितुरीच्या आरोपावरून त्याला दगडांनी ठार करवलं. हा अन्याय खराच घडला होता. मी त्याचा आप्त, म्हणून ओडिसिअसचा माझ्यावर राग, असं सिनॉन सांगतो. खोट्याचा पाया असा खऱ्यावर घातलेला. आपल्याकडच्या ‘नरो वा कुंजरो वा’लाही ही विद्या अवगत होती, पण धर्मराजानं एकच वाक्य उच्चारलं. सिनॉन अख्खं आत्मचरित्र रचतो.

आणि मधेच तो थांबतो. जाऊ दे, तुम्हाला सगळे ग्रीक सारखेच, मारून टाका मला, ओडिसिअसला आनंदच होईल, असं म्हणून गप्प बसतो. आता पुढचं ऐकायला ट्रॉयचेच लोक उतावीळ. तो सांगतो: परतीच्या वाऱ्यासाठी देवांना माणसाचा बळी हवा होता, ज्योतिषी काल्कसनं माझं नाव घेतलं, मी पळालो आणि रात्रभर दलदलीत दडून राहिलो. प्रायमला दया येते. तो त्याच्या हाताच्या दोऱ्या सोडायला लावतो.

घोड्याचा विषय सिनॉन स्वतः काढतच नाही. प्रायम विचारतो, हा घोडा कशासाठी? मोकळे झालेले हात आभाळाकडे उचलून, शपथ घेऊन तो उत्तर देतो. अथीनेची मूर्ती आम्ही तुमच्या शहरातून चोरली, देवी कोपली, हा घोडा तिच्या प्रायश्चित्ताचा. त्याला इजा केलीत तर तुमचा नाश होईल. आत नेलात तर उद्या तुम्ही ग्रीसवर चाल करून याल. म्हणूनच तो तुमच्या वेशीतून जाणार नाही इतका मोठा बांधलाय.

माझ्या मते साऱ्या गोष्टीतली सर्वात अव्वल चाल हीच. घोड्याचा आकार ही डावातली उघड अडचण होती. सिनॉननं तिचंच आमिष केलं. जी तटबंदी दहा वर्षांत ग्रीकांना फोडता आली नाही, ती ट्रॉयच्या लोकांनी आपल्या हातांनी फोडली. त्यातच टेनेडॉसच्या दिशेकडून समुद्रातून दोन साप आले आणि त्यांनी लाओकूनला त्याच्या दोन्ही मुलांसह संपवलं. लोकांनी अर्थ लावला: भाला मारल्याची शिक्षा. त्याच टेनेडॉस बेटाआड ग्रीक आरमार दबा धरून होतं. ते बेट ट्रॉयच्या किनाऱ्यावरून दिसतं. आज त्याचं नाव बोझजाआदा.

‘ओडिसी’त मेनेलाउस आणखी एक प्रसंग सांगतो, तोही त्याची बायको हेलन हिच्या देखत. तिनं घोड्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि आतल्या एकेकाला त्याच्या बायकोच्या आवाजात हाक मारली. अँटिक्लस ओ देणार, तेवढ्यात ओडिसिअसनं त्याचं तोंड दाबून धरलं. हे ऐकताना हेलनचा चेहरा कसा झाला असेल, ते होमर सांगत नाही.

अशा विजयाचा ग्रीकांना अभिमान होता का? होता आणि नव्हताही. मनात एक आणि ओठांवर दुसरं असणाऱ्या माणसाचा मला तिटकारा आहे, हे अकिलीस ‘इलियड’मध्ये सुनावतो ते नेमकं ओडिसिअसला उत्तर देताना. सोफोक्लीसनं इ.स.पू. ४०९ च्या ‘फिलॉक्टेटीस’ नाटकात अकिलीसच्याच मुलाला या पेचात टाकलं. लेम्नॉस बेटावर एकट्या पडलेल्या आजारी धनुर्धराला फसवून त्याचं धनुष्य आणायचं त्याच्यावर येतं. तो ते मिळवतो आणि लाजेनं परत करतो. देवांचा हिशेब मात्र वेगळा. परतीच्या वाटेवर ग्रीक आरमारावर वादळ कोसळलं ते घोड्याबद्दल नाही, तर अथीनेच्या देवळात आश्रय घेतलेल्या प्रायमच्या मुलीला, कॅसांड्राला, ओढून काढल्याबद्दल.

दुसऱ्या शतकातल्या पॉसेनियस या प्रवासी लेखकाला ही गोष्टच पटत नव्हती. घोडा म्हणजे तट फोडायचं यंत्र असणार. नाहीतर ट्रॉयकर ठार मूर्ख ठरतात, असं त्याचं म्हणणं. त्याच शतकात पॉलिएनसनं युद्धातल्या युक्त्यांचा ग्रंथ लिहून रोमच्या सम्राटांना अर्पण केला. त्याची सुरुवातच भारतावरच्या दंतकथेतल्या स्वारीनं होते: डायोनायसस देव भाल्यांची टोकं वेलींनी झाकून उत्सवाच्या थाटात येतो. इकडे आपल्या ‘कथासरित्सागरा’त उज्जयिनीचा राजा हत्तीवेड्या उदयनाला पकडतो, तेही पोटात सैनिक भरलेल्या यांत्रिक हत्तीच्या जोरावर. कोणाकडून कोण शिकलं, या वादात पडायचं कारण नाही.

सिनॉनची युक्ती पुढे इतिहासातही दिसते. इ.स.पू. ४८० मध्ये सॅलॅमिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमारासमोर ग्रीक आरमार उभं होतं आणि सेनानी पळावं की लढावं यावर भांडत होते. त्यांच्यातल्या थेमिस्टोक्लीसनं आपल्या मुलांचा शिक्षक असलेला सिकिनस हा गुलाम होडीतून इराण्यांकडे पाठवला. ग्रीक आज रात्री पळणार आहेत, वाटा अडवा, माझा धनी तुमच्या बाजूचा आहे, असा निरोप त्यानं दिला. भांडण खरं होतं, निष्ठा खोटी होती. इराणी नाविक रात्रभर वल्ही मारत पहारा देत राहिले आणि सकाळी त्या अरुंद पाण्यात हरले.

सिनॉन घोड्याचं दार उघडतो, जळत्या शहरात आगी लावत फिरतो आणि व्हर्जिलच्या कथेतून नाहीसा होतो. सिकिनसचं पुढे काय झालं, ते ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं नोंदवलं आहे: युद्धानंतर थेमिस्टोक्लीसनं त्याला थेस्पिआई नगराचा नागरिक करून घेतलं आणि भरपूर पैसा दिला.