चाकांवरचे घर आणि परिग्रहाची मर्यादा

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात कंटेनर वाहणारे ट्रेलर अहोरात्र दिसतात. ओढणाऱ्या वाहनावरील ज्या चकतीत ट्रेलरची खीळ अडकते, तिला ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात. अमेरिकेत याच जोडणीची फिरती घरे पिकअप गाडीला जोडून नेतात. मांगीतुंगी, कुंभोज, श्रवणबेळगोळच्या यात्रेसाठी असे घर घ्यावे, हा विचार मोहक आहे; सूर्यास्तापूर्वीचे भोजन, गाळलेले पाणी आणि कंदमुळाविना स्वयंपाक त्यात सहज सांभाळता येतो.

तथापि सौद्यापूर्वी हिशेब मांडावा. अमेरिकी घराचे दार बहुधा उजव्या बाजूस असते. आपल्या रस्त्यावर ते धावत्या वाहनांकडे उघडेल. तेथील घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. शिवाय ओढण्यास भक्कम पिकअप, घाटात वळण्यास ऐसपैस रस्ता आणि घराशी उभे करण्यास मोकळी जागा हवी. त्यामानाने टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅराव्हॅन सुटसुटीत. ही गाडी बनविणाऱ्या फोर्स मोटर्सचे मुख्यालय आकुर्डीतच आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले.

यात्रेचे दिवस वर्षाकाठी मोजकेच. विमा, व्याज आणि घसारा मात्र ३६५ दिवसांचा. म्हणून आधी एक यात्रा भाड्याच्या गाडीने करून पाहावी. पाच अणुव्रतांतील अखेरचे परिग्रह-परिमाण हेच सांगते: साधन गरजेपुरते असावे. गाडी अंगणात उभी राहून यात्राच राहून जात असेल, तर तो खर्च धर्मासाठी झाला असे म्हणता येणार नाही.