करवतीचा काठ : दोन रंगांचा पक्का सांधा

महाशिवरात्रीला मार्कंड्याला मोठी यात्रा भरते. वैनगंगेच्या काठी माणसांची रीघ लागते. बायामाणसे ठेवणीतली लुगडी नेसून येतात. काठ तांबडा, अंग पिवळसर, आणि दोहोंच्या मध्ये करवतीच्या दातांसारखी ओळ, असे लुगडे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्याला करवती काठ म्हणतात. पण एक रंग संपून दुसरा जिथे सुरू होतो, तिथे कापड फाटत कसे नाही? हे आज आम्ही समजावून सांगणार आहोत.

हे काम आपल्याच मुलखातले आहे. मार्कंड्याहून वैनगंगेच्या काठाने वर गेले की आरमोरी लागते. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड आहे. आणखी वर भंडारा जिल्ह्यात मोहाडी आणि आंधळगाव ही गावे आहेत. या भागांतले कोष्टी लोक कोशाचे कापड विणत आले. कोसा म्हणजे टसर. त्याचे किडे घरात नव्हे, रानात ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढतात. ढिवर समाजाच्या लोकांनी हे किडे जोपासले, पाखरांपासून राखले. कोशाच्या धाग्याचा मूळचा रंग मधासारखा असतो. त्यावर दुसरा रंग सारखा बसवणे अवघड जाते. म्हणून लुगड्याचे अंग बहुधा मूळ रंगाचेच ठेवतात आणि शोभा आणतात ती रंगीत काठाने.

आता अडचण कुठे येते ते बघा. कापडात दोन तऱ्हेचे धागे असतात. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. बाणा नेणारा होडीसारखा लाकडी तुकडा म्हणजे धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. समजा, ताण्यात काठाचे धागे तांबडे लावले आणि अंगाचे पिवळसर लावले. मग पिवळसर बाण्याचा एकच धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फेकला. काय होईल? काठात उभे सूत तांबडे आणि आडवे पिवळसर. रंगात रंग मिसळेल आणि काठ फिका दिसेल. भरदार तांबडा काठ काही मिळणार नाही.

यावर उपाय म्हणजे एकाऐवजी तीन धोटे. अंगासाठी मोठा धोटा एक, दोन्ही काठांसाठी लहान धोटे दोन. काठाचा धोटा काठापुरताच जातो आणि परत फिरतो. अंगाचा धोटा अंगापुरताच जातो. असे केले की काठात उभे-आडवे दोन्ही सूत तांबडे. रंग भरदार होतो.

पण एक अडचण गेली की दुसरी उभी राहते. तांबडा धागा आपल्या हद्दीवरून परतला, पिवळसर धागा आपल्या हद्दीवरून परतला. मग मधल्या हद्दीवर दोघांना धरणार कोण? तिथे उभी फट राहील. लुगडे नेसले, ताण बसला, की काठ अंगापासून सुटेल. दोन भाऊ आपापल्या धुऱ्यापर्यंत आले आणि एकमेकांशी न बोलता माघारी गेले, तर घर एक राहील काय?

म्हणून विणकर परत फिरण्याआधी तांबडा धागा पिवळसर धाग्यात अडकवतो. साखळीची एक कडी दुसरीत असते, तसे. दर ओळीला ही कडी पडते. येवल्याच्या पैठणीतही असा काठ असतो. त्याला कडियल म्हणतात. तामिळनाडूत कांचीपुरमलाही तीन धोट्यांनीच काठ जोडतात, आणि तिथे मागावर मदतीला दुसरा माणूस बसतो.

करवतीचे दात हे पुढचे शहाणपण. सांधा एकाच उभ्या रेषेत राहिला तर सगळा ताण त्या रेषेवर येतो. म्हणून तांबडा बाणा दर ओळीला थोडा पुढे नेतात, मग थोडा थोडा मागे घेतात. त्यानेच दात तयार होतो. दात दिसायला सुंदर, आणि सांधाही अनेक धाग्यांवर वाटला जातो.

हे घरी करून पाहता येईल. एक लहान लाकडी चौकट घ्या. तिला सहा तांबडे आणि सहा पांढरे उभे दोरे शेजारी शेजारी बांधा. दोन सुयांत दोन रंगांचे दोरे ओवून एकाआड एक विणा. प्रथम कडी न घालता दहा ओळी विणा. मध्ये फट दिसेल. नंतर कडी घालून दहा ओळी विणा. फट राहणार नाही. मग तांबडा दोरा पांढऱ्यात एक, दोन, तीन दोरे पुढे नेऊन परत आणा. दात उठेल. दाताचा रंग काठापेक्षा फिका दिसेल, कारण तिथे उभे दोरे पांढरे आहेत. कडी फार ओढू नका, कापड चुणेल. सैल सोडू नका, फास लोंबतील.

रंग फुटण्याचीही एक अडचण असते. काठाचा रंग कच्चा असला तर पहिल्याच धुण्यात तो अंगावर उतरतो. म्हणून घेताना पांढरे फडके ओले करून काठाच्या कोपऱ्यावर चोळा. फडक्याला रंग लागला तर समजून घ्या.

आता मुद्द्याची गोष्ट. एका धोट्याच्या कापडात एका ओळीला एक फेक. इथे तीन फेका, आणि शिवाय दोन कड्या. म्हणून वेळ जास्त, म्हणून किंमतही जास्त. यंत्रावर करवतीसारखी नक्षी काढता येते, छापताही येते. स्वस्त कापड स्वस्तात घेणे यात काही वावगे नाही. पण ते हातमागाचे म्हणून विकले, तर गिऱ्हाईक फसतो आणि विणकराची मजुरीही बुडते. मजुरी बुडाली की त्याचा पोरगा मागावर बसत नाही. मग ही विद्या जायला किती वेळ?

खरे-खोटे ओळखण्यासाठी काठ उलटून पाहा. छापील नक्षी मागून फिकी दिसते. काठाचे आडवे सूत कोणत्या रंगाचे आहे तेही बघा. तीन धोट्यांच्या कापडात ते काठाच्याच रंगाचे असते आणि हद्दीवर वळून परत गेलेले दिसते.

सरकारने १९८५ साली कायदा करून काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले. २००६ साली हातमागाच्या कापडासाठी खास चिन्हही सुरू झाले. ते चिन्ह आणि कापडाला लावलेली चिठ्ठी दुकानदाराकडून मागून घ्या. पूर्वी ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागे. आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा आधी चिठ्ठी वाचा, काठ उलटून बघा, आणि मगच पैसे मोजा.