ट्रॅकवरचे ब्रेक : काही समज, बरेचसे गैरसमज

‘मोठे ब्रेक बसवले की गाडी लवकर थांबते’ हे ट्रॅक-डेला हमखास कानावर पडतं. गाडी थांबवते ती शेवटी टायरची पकड. धड असलेले कंपनीचे ब्रेकही पहिल्या फेरीत एबीएस जागं करण्याइतके ताकदवान असतात. मोठी डिस्क लागते ती दहाव्या फेरीसाठी. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर किलोमीटरभराचा सरळ पट्टा संपतो, तिथे १,४०० किलोची गाडी ताशी २०० वरून ८० किलोमीटरवर आणायची म्हणजे जवळपास पावणेसहा लिटर गार पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता काही सेकंदांत निर्माण करायची. दोन-अडीच मिनिटांनी त्याच जागी पुन्हा तेच.

एवढं असूनही लोक पैसे घालतात लाल कॅलिपरवर, आणि ब्रेक ऑइलकडे बघतही नाहीत. ‘ऑइल काळं नाही, चालेल अजून.’ रंगावरून काही कळत नाही. डॉट ३, डॉट ४ ही ऑइलं हवेतली आर्द्रता शोषतात; मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर आयतीच सोय. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, पाय त्या वाफेलाच दाबत राहतो आणि पेडल तळाला जातं. वरून ऑइल भरून हे सुटत नाही. जुनं ऑइल काढून, चारही चाकांची एअर काढावी लागते. आणि ‘डॉट ५ म्हणजे डॉट ४ च्या वरचं’ असं समजून ते ओतू नका. ते सिलिकॉनचं, यात मिसळत नाही. डॉट ५.१ मात्र चालतं.

पेडल टणक आहे, तरी गाडी थांबत नाही? तिथे ऑइल नव्हे, पॅड तापलेत. अर्धे झिजलेले पॅड घेऊन ट्रॅकवर जाणं ही खोटी काटकसर, कारण पातळ पॅडमधून उष्णता थेट कॅलिपरकडे आणि ऑइलकडे जाते. रेसिंगचे पॅड रोजच्या गाडीलाही चांगलेच, हाही भ्रम. बरेचसे थंड असताना नीट पकडत नाहीत, आणि सोसायटीच्या गेटबाहेरच्या सिग्नलला ते थंडच असणार.

पेडल थरथरलं की ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बहुतेकदा पॅडचा माल डिस्कवर कमीजास्त चिकटलेला असतो. शेवटची फेरी ब्रेक न तापवता मारा, आणि पार्किंगमध्ये पेडलवर पाय ठेवून उभे राहू नका. हँडब्रेकही नको, गिअरमध्ये टाकून चाकाला ठोकळा लावा.

भोकं पाडलेली डिस्क दिसते झकास, पण ट्रॅकवर चिरा त्या भोकांपासूनच सुरू होतात. त्यापेक्षा खाचांची किंवा साधी बरी.

कार्बन-सिरॅमिक डिस्क तरी जन्मभराची? नाही. फार तापल्यावर तिच्यातला कार्बन जळतो. जाडी जवळपास तेवढीच राहते, वजन घटतं. म्हणून ती उतरवून काट्यावर ठेवतात आणि बहुधा डिस्कवरच कोरलेल्या किमान वजनाशी ताडून बघतात. नव्या डिस्कची किंमत ऐकून कित्येक मालक ट्रॅकपुरती लोखंडी डिस्क बसवतात.