आंबा बागेतील मोजणीयंत्रे : हिशेब जागेवर, देखरेख दुरून

रत्नागिरी जिल्ह्यात हापूस मोहोरावर असताना ढगाळ व दमट हवा पडली की तुडतुडे, भुरी व करपा यांचा उपद्रव संभवतो. वेळेवरची एक फवारणी चुकल्यास वर्षाचे उत्पन्न धोक्यात येते. 'महावेध' प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळनिहाय आहेत. तथापि उतारावरील एखाद्या बागेतील दव त्यांच्या नोंदीत उमटेलच असे नाही. म्हणून बागेतच तापमान, आर्द्रता, पाऊस व पानांवरील ओल मोजणारे यंत्र बसविणे इष्ट ठरते.

अशा यंत्राच्या नोंदी मोबाइलच्या जाळ्यातून दूरच्या संगणककेंद्राकडे जातात. यासच 'क्लाउड' म्हणतात. परंतु डोंगरांच्या खोबणीत जाळे पुष्कळदा मिळत नाही, आणि हवा बिघडते तेव्हाच ते तुटण्याचा संभव अधिक. याकरिता बागेतील पेटीतच लहान संगणक ठेवून हिशेब जागेवर करावयाचा, ही पद्धत 'एज कॉम्प्युटिंग' होय. पाने किती तास ओली राहिली हे पेटी स्वतः मोजते व मर्यादा ओलांडताच दिवा लावते. क्लाउडकडे उरते ती देखरेख : नियम बदलणे, बंद पडलेली पेटी ओळखणे, नोंदी जतन करणे.

दर दहा मिनिटांस एक याप्रमाणे दिवसाला १४४ नोंदी होतात. जाळे तीन दिवस तुटले तरी ४३२ नोंदी. एवढ्या लहान स्मृतीतही सहज मावतात. मात्र पेटीतील घड्याळास स्वतंत्र बॅटरी हवी, अन्यथा उशिरा पोहोचलेल्या नोंदींची वेळच चुकते.

आरंभ एकाच पेटीने करावा. हंगामापूर्वी आठवडाभर ती खात्रीच्या तापमापकाशेजारी टांगून पडताळावी. ओलीचा संवेदक झाडाच्या घेरात, पानांच्या उंचीवर बांधावा. खांबावर उन्हात नव्हे. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत जोडण्या गंजतात, तेव्हा त्या वेळोवेळी तपासाव्यात. फवारणीची मर्यादा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशींवरून ठरवावी.

पुढे पेट्या वाढल्यास प्रत्येकीस स्वतंत्र गुप्त किल्ली द्यावी. सर्वांस एकच किल्ली असल्यास एक पेटी चोरीस जाताच सर्वांची कुलुपे उघडी पडतात. नवी आज्ञावली प्रथम एकाच पेटीत उतरवून चार दिवस पाहावी, आणि जुनी पेटीत राहू द्यावी, म्हणजे बिघाड झाल्यास ऐन मोहोरात पेटी मुकी होणार नाही.